वेश कोणाचा, वाचा कोणाची

जानेवारी 1903 मध्ये कलकत्त्याच्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये एक फॅन्सी ड्रेस बॉल झाला. वास्तूच्या शताब्दीनिमित्त पाहुण्यांना शंभर वर्षांपूर्वीचे पोशाख घालून यायचे होते आणि यजमान व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन स्वतः शंभर वर्षांपूर्वीचे गव्हर्नर जनरल लॉर्ड वेलस्ली होऊन आले. वेलस्लीची निवड सहज झालेली नव्हती. त्याच वेलस्लीच्या काळात, 1799 च्या तहाने, तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीराजांचा राज्यकारभार ईस्ट इंडिया कंपनीने काढून घेतला होता. कर्झनच्या अंगावरचा पोशाख म्हणजे त्या सत्तेच्या वारशावर सांगितलेला हक्कच होता. हौसेने घातलेला वेशसुद्धा काहीतरी बोलतो. प्रश्न एवढाच, की तो कोणाच्या वतीने बोलतो?

त्या काळच्या बॉलमध्ये जिप्सी ज्योतिषीण हा हमखास दिसणारा वेश. आर्डर्न होल्ट यांच्या 1879 पासून वारंवार छापल्या गेलेल्या वेशभूषेच्या मार्गदर्शक पुस्तकातही जिप्सी आहेच. रंगीत रुमाल आणि नाण्यांच्या माळा घातल्या की काम झाले. त्या बाईने बोलावे काय, याची कोणाला फिकीर नव्हती. आता तंजावरकडे पाहू. सत्ता गेलेल्या सरफोजीराजांनी तंजावरच्या दक्षिणेला ओरत्तनाडु येथे आपली सहचरी मुक्तांबाळ हिच्या नावाने छत्र, म्हणजे धर्मशाळा, बांधले. तिथे वाटसरूंना अन्न मिळे, मुलांना शिक्षण मिळे. याच राजांच्या नावावर ‘देवेंद्र कोरवंजी’ हे मराठी नाटक आहे. कोरवंजी म्हणजे डोंगराळ मुलुखातून टोपली आणि मंतरलेली काठी घेऊन येणारी, हात पाहून भविष्य सांगणारी, कोरव या भटक्या जमातीची बाई. ती इथे भविष्यावर थांबत नाही, जगाचा भूगोल सांगते. राजाला पाश्चात्त्य विद्येतून मिळालेले नवे ज्ञान रंगमंचावर आले ते शास्त्रीपंडिताच्या तोंडून नव्हे, तर या फिरस्तीच्या तोंडून. जिने मुलूख पायांखाली घातले, तिनेच जग सांगावे, यात मोठे औचित्य आहे. बॉलमधल्या वेशाला फक्त रूप होते. कोरवंजीच्या वेशाला वाचाही होती.

यावर एक रास्त आक्षेप येईल. कोरवंजी रंगवणारी नर्तकी कोरव जमातीची नव्हती आणि दरबाराने त्या जमातीचे दैन्यही दूर केले नाही. हे खरेच आहे. पुढे 1911 च्या कायद्याने गुन्हेगार जमातींचे नियम मद्रास इलाख्यात लागू झाले आणि कोरवांवर पोलिसी हजेरीचा जाच आला. महाराष्ट्रातल्या कैकाड्यांनाही त्याच शिक्क्याने छळले. गुन्हेगार जमातींचा कायदा 1952 मध्ये रद्द झाला, शिक्का मात्र सहजासहजी पुसला गेला नाही. ज्या दशकांत साहेबांच्या मडमा जिप्सी होऊन नाचत होत्या, त्याच दशकांत खऱ्या भटक्यांना गाव सोडण्यासाठी परवानगी लागत होती. म्हणून मी दरबाराला निर्दोष ठरवत नाही. नाटकाने न्याय दिला नाही, पण त्या बाईला जाणती म्हणून उभे केले. न्याय मिळण्याआधी ऐकून घेणारा कान लागतो, एवढे श्रेय त्या नाटकाला द्यायलाच हवे.

दुसरा आक्षेप असा, की करमणुकीवर इतका भार कशाला? पण आपल्याकडे करमणुकीने हा भार नेहमीच पेलला आहे. संत एकनाथांनी भारुडांत वासुदेव, जोशी, कोल्हाटीण यांची सोंगे घेतली, ती त्यांच्या तोंडून बोलण्यासाठी. म्हणून दुसऱ्याचा वेश घेऊच नये, असे माझे म्हणणे नाही. तसे ठरवले तर नाटकच संपेल. शाळांच्या वेशभूषा स्पर्धेत आजही मुले वासुदेव, कोळीण, ज्योतिषी होऊन येतात आणि बक्षीस बहुधा पोशाखाच्या झगमगाटाला मिळते. तिथे निम्मे गुण बोलण्याला द्यावेत. वासुदेव पहाटे काय गातो, कोळीण मासळीचा भाव कशी ठरवते, हे मुलाने त्या माणसांना विचारून यावे. मग ती माणसे त्याला नुसती सोंगे वाटणार नाहीत.