बोरघाटातील दोन एमजी : स्पोर्ट्‌स कार जुनी घ्यावी की नवी?

दोन माणसांची, बुटकी, वळणावर चपळ आणि सामान ठेवायला जेमतेम जागा असलेली गाडी म्हणजे स्पोर्ट्‌स कार. ती 'क्लासिक' कधी होते याचे उत्तर मात्र जगात एक आणि आरटीओत दुसरे आहे. जुन्या वाहनांच्या 'फिवा' या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या व्याख्येनुसार तीस वर्षांची, मूळ रूपात जपलेली गाडी ऐतिहासिक ठरते. भारतात केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये केलेल्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेली आणि मोठे फेरफार न झालेली खासगी गाडीच 'व्हिंटेज' मानली जाते. मधल्या वीस वर्षांतली गाडी कायद्याच्या लेखी नुसती म्हातारी असते. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी फेरनोंदणी, तपासणी आणि महाराष्ट्रात पर्यावरण कर हे तिच्या वाट्याला येतेच. दिल्ली परिसरातली वयाची बंदी इथे लागू नाही, एवढाच दिलासा.

मावळात हा प्रश्न पुस्तकी नाही. लोणावळा-खंडाळ्यात मुंबई-पुण्याच्या सधन कुटुंबांचे बंगले आहेत आणि बंगल्याच्या पडवीत हौसेची गाडी ठेवण्याची रीतही जुनी आहे. पावसाळा सरला की रविवारी सकाळी जुन्या महामार्गावर दोन्ही पिढ्यांच्या गाड्या दिसतात. देशी वाणाचे पर्याय मात्र जवळपास नाहीत. १९९८ च्या सुमारास आलेल्या 'सॅन स्टॉर्म'ला फायबरग्लासची बॉडी आणि रेनोचे ११४९ सीसीचे छोटे इंजिन होते. २०१२ च्या दिल्ली ऑटो एक्स्पोत झळकलेल्या 'डीसी अवंती'त रेनोचेच दोन लिटरचे टर्बो इंजिन आसनांच्या मागे बसवले होते. दोन्ही प्रयत्न थोडक्यात आटोपले. त्यामुळे निवड होते ती परदेशी घराण्यांमधून. तुलनेसाठी एकाच बिल्ल्याच्या दोन गाड्या घेणे सोयीचे. १९६२ ते १९८० या काळात ब्रिटनमध्ये बनलेली 'एमजीबी' ही एक. दुसरी जुलै २०२५ मध्ये भारतात विक्रीला आलेली विजेवरची 'एमजी सायबरस्टर'.

आकडे एकमेकांशेजारी ठेवले की दोघींमधले अंतर कळते. एमजीबीचे इंजिन १७९८ सीसीचे, ताकद सुमारे ९५ अश्वशक्ती, वजन टनापेक्षा कमी. सायबरस्टरची ताकद सुमारे पाचशे अश्वशक्ती, वजन दोन टनांच्या आसपास, बॅटरी ७७ किलोवॉट-तासाची. थांबलेल्या अवस्थेतून ताशी १०० किमी गाठायला सायबरस्टरला सव्वातीन सेकंदही पुरतात. जुनीला बारा-तेरा सेकंद लागतात, तेही गिअर नीट पडले तर. कागदावर ही लढतच नव्हे. पण गाडी कागदावर चालत नाही. ती चालणार खोपोली आणि वडगावच्या मधल्या रस्त्यांवर, आणि तिथे हिशेब बराच बदलतो.

बोरघाटाचा गाडीरस्ता मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या काळात, १८३० मध्ये वाहतुकीला खुला झाला. वाट दाखवणाऱ्या शिंग्रोबा धनगराची आख्यायिका आणि घाटातले त्याचे देऊळ चालकांना ठाऊक असतेच. घाटातला अमृतांजन पूल एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीत पाडला गेला, पण रस्त्याची आखणी डोंगराच्या कलाने गेलेली आहे ती आहेच. त्याच्या जोडीला ९४.५ किमीचा द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला. घाटातल्या एका टप्प्यात दोन्ही रस्त्यांची वाहतूक एकत्र येते आणि सुट्टीच्या दिवशी तिथे रांग लागते. ही कोंडी टाळण्यासाठीच राज्य रस्ते विकास महामंडळाने खोपोली ते कुसगाव असा १३.३ किमीचा बोगद्यांचा आणि पुलांचा जोडरस्ता हाती घेतला.

पाचशे अश्वशक्तीची गाडी या रस्त्यांवर आपली ताकद वापरणार कुठे? द्रुतगती मार्गाच्या सपाटीवर मोटारींना ताशी १०० किमीची मर्यादा आहे. घाटात ती त्याच्या निम्म्याच्या आसपास येते. वेग टिपणारे कॅमेरे जागोजाग आहेत. नवी गाडी दुसऱ्या-तिसऱ्या सेकंदाला कायद्याच्या कडेला पोहोचते आणि उरलेला वेळ चालक तिला आवरत बसतो. ताशी ५० किमीने तिच्यातून जाताना घाटाचे वळण वळण वाटतच नाही. जुन्या गाडीचे उलट आहे. त्याच वेगात ती तिसऱ्या गिअरमध्ये मन लावून ओढत असते, बारीक चाकाच्या स्टीअरिंगमधून रस्त्याचा खडबडीतपणा हाताला लागतो, आणि पुढच्या वळणासाठी गिअर कधी उतरवायचा हे आधी ठरवावे लागते. चालवण्याची मजा हाच निकष असेल तर बोरघाटात कायद्यात राहून ती एमजीबीच जास्त देते. नव्या गाडीच्या जाहिरातीत हे कोणी सांगणार नाही.

मजेची किंमत चढावर मोजावी लागते. खोपोलीपासून लोणावळ्यापर्यंत रस्ता सुमारे साडेपाचशे मीटर चढतो. बोनेट वर करून घाटात उभ्या असलेल्या फियाट आणि अॅम्बेसेडर, शेजारी पाण्याचा डबा आणि रेडिएटरवर फडके टाकून झाकण उघडणारा चालक हे दृश्य द्रुतगती मार्गाच्या आधीच्या पिढीने भरपूर पाहिले आहे. जुन्या गाडीचा पंखा पट्ट्याने इंजिनाला जोडलेला असतो. इंजिन हळू फिरले की पंखाही हळू फिरतो. म्हणजे मोकळ्या चढापेक्षा रविवारच्या रांगेत, पहिल्या गिअरमध्ये रांगताना, ती लवकर तापते. त्यावर वेगळा विजेचा पंखा बसवणे हा जाणकारांचा नेहमीचा उपाय. मूळ रूपाचा आग्रह धरणारे त्याला नाक मुरडतात, पण घाटात अडकून पडण्यापेक्षा ते परवडले.

उतार हा त्याहून गंभीर विषय. दोन माणसांसह अकराशे किलोची गाडी साडेपाचशे मीटर खाली उतरते तेव्हा जी ऊर्जा सुटते ती अठरा-एकोणीस लिटर पाणी उकळीपर्यंत तापवायला पुरेल. ती उष्णता ब्रेकने नाहीतर इंजिनाने पचवावी लागते. एमजीबीला पुढे डिस्क आणि मागे ड्रम ब्रेक आहेत. तिच्याआधीच्या बऱ्याच गाड्यांना चारही चाकांवर ड्रमच असत, आणि ते तापले की पेडल दाबूनही गाडी रोखत नाहीत. ज्या गिअरमध्ये घाट चढला त्याच गिअरमध्ये उतरायचा, हा ट्रकचालकांचा नियम जुन्या स्पोर्ट्‌स कारलाही तंतोतंत लागू आहे. न्यूट्रलमध्ये गाडी सोडून पेट्रोल वाचवणे म्हणजे जिवाशी खेळ.

विजेच्या गाडीत मोटरच उलटे काम करते. उतारावर वेग रोखताना ती वीज बनवते आणि बॅटरीत भरते. दोन टनांच्या गाडीला या उतारात तत्त्वतः तीन किलोवॉट-तास मिळू शकतात, प्रत्यक्षात त्याहून कमी. एक मेख मात्र ध्यानात ठेवावी. लोणावळ्यात रात्रभर चार्जिंग करून बॅटरी काठोकाठ भरली आणि सकाळी लगेच घाट उतरायला घेतला, तर आलेली वीज ठेवायला जागाच नसते आणि मोटरची ही रोखण्याची ताकद कमी पडते. वरच्या अंगाला राहणाऱ्याने ऐंशी-नव्वद टक्क्यांवर चार्जिंग थांबवलेले बरे. सुरक्षिततेच्या बाबतीत तुलनाच नको. भारतात एबीएस २०१९ पासून सक्तीचे आहे आणि एअरबॅग नव्या गाडीत गृहीतच धरल्या जातात. साठच्या दशकातल्या बऱ्याच गाड्यांत पट्टे असले तरी कमरेचे, आणि स्टीअरिंगचा दांडा थेट छातीकडे रोखलेला.

मग येतो पाऊस. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. वीस-पंचवीस किलोमीटर पूर्वेला, तळेगावकडे, तो झपाट्याने उतरतो. हा फरक जुन्या गाडीचे आयुष्य ठरवतो. एमजीबीला वेगळी चासी नाही, पत्र्याची बॉडी हाच तिचा सांगाडा. दाराखालची लांब पोकळ पट्टी, जिला गॅरेजवाले 'सिल' म्हणतात, ती आतून गंजली की गाडीचा कणाच ढिला होतो. वरून रंग चकाचक असतो, खालून पेचकस टोचला की पत्र्याचा भुगा पडतो. दार बंद करताना ते उचलून लावावे लागत असेल तर सिल गेली असे समजावे. कापडी छताच्या शिवणीतून झिरपलेले पाणी गालिच्याखाली साचते आणि दमट हवेत ते आठवडेच्या आठवडे वाळत नाही. मावळात जुनी गाडी ठेवायची तर आधी कोरडे, हवेशीर गॅरेज हवे. त्याशिवाय गाडी घेणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे.

नव्या गाडीला पत्र्याची चिंता कमी, पण रस्त्याची जास्त. पावसानंतरच्या कार्ला, कामशेत किंवा पवनानगरच्या रस्त्यांवर खड्डे आणि गतिरोधक दोन्ही मुबलक. इंडियन रोड्‌स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक १० सेंमी उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा. गावाच्या तोंडाशी असतो तो कशाच्याच प्रमाणात नसतो. एमजीबीच्या पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर २.३ मीटर, सायबरस्टरचे २.७ मीटरच्या जवळ. त्यामुळे नवीचे पोट उंचवट्यावर टेकण्याची शक्यता अधिक, आणि त्या पोटातच बॅटरी. जुनीच्या १४ इंची चाकांवर जाड टायर असतात, ते खड्डा गिळतात. नवीच्या २० इंची चाकांवर रबराची जेमतेम पट्टी असते. खड्ड्यात आदळले की टायरला फुगा येतो किंवा रिम वाकते, आणि तो टायर लोणावळ्याच्या दुकानात मिळत नाही.

दुरुस्तीचा मुद्दा लोक उलटा समजतात. जुनी गाडी म्हणजे सुटे भाग मिळणार नाहीत, अशी भीती असते. एमजीबीपुरती ती फारशी खरी नाही. या गाडीचे इंजिन बीएमसीच्या 'बी' मालिकेतले. त्याच मालिकेतले १४८९ सीसीचे इंजिन अॅम्बेसेडरमध्ये अनेक वर्षे होते. सगळे भाग एकमेकांना बसत नाहीत, पण टॅपेट लावणे, पॉइंट घासणे, कार्ब्युरेटर जुळवणे हे काम अॅम्बेसेडरवर हात बसलेल्या मेकॅनिकला नवे नाही. बाकीचे भाग ब्रिटनमध्ये आजही बनतात. आख्खी बॉडीसुद्धा १९८८ पासून नव्याने मिळते. शिवाय पुण्याच्या नाना पेठेत सुट्या भागांची बाजारपेठ आहे आणि भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत लेथवर बुश किंवा पिन नमुन्याबरहुकूम बनवून देणारे कारागीर आहेत. अडचण भागांची नसून माणसांची आहे. ते मेकॅनिक वयस्कर होत चालले आहेत आणि त्यांच्या हाताखाली शिकायला नवी पोरे फारशी येत नाहीत.

नव्या गाडीला असा मेकॅनिक चालतच नाही. स्कॅनर आणि सॉफ्टवेअर कंपनीकडे, म्हणून गाडी टो करूनच न्यायची. हमीची मुदत आहे तोवर ते सुखाचे असते. पण वीस वर्षांनी एखादे नियंत्रण-सर्किट बनायचे बंद झाले तर भोसरीचा लेथ उपयोगाचा नाही. आजची नवी गाडी उद्याची क्लासिक होईलच, असे म्हणूनच छातीठोक सांगता येत नाही.

पेट्रोलकडे जुन्या गाडीच्या मालकाने डोळसपणे पाहावे. शिसेयुक्त पेट्रोल २००० मध्ये देशभर बंद झाले. त्याआधीच्या बऱ्याच इंजिनांना व्हॉल्व्हच्या कठीण सीट बसवाव्या लागतात. आता पंपांवर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल असते. इथेनॉल जुने रबरी पाइप आणि सील खाते, हवेतली ओलही शोषते. जून ते सप्टेंबर टाकी अर्धी ठेवून गाडी उभी केली तर कार्ब्युरेटरच्या वाटीत पाणी आणि गंज सापडतो. पाइप इथेनॉलला टिकणारे घालणे आणि गाडी उभी करण्याआधी कार्ब्युरेटर रिकामा करणे ही किमान काळजी.

कागदपत्रांचा खर्चही आता हलका राहिलेला नाही. २०२५ च्या सुधारित शुल्कानुसार वीस वर्षांहून जुन्या मोटारीच्या नोंदणी-नूतनीकरणाला दहा हजार, तर आयात मोटारीला ऐंशी हजार रुपये लागतात. व्हिंटेज म्हणून नव्याने नोंदणी केली तर वीस हजार रुपयांत दहा वर्षांची निश्चिंती आणि 'व्हीए' अक्षरांचा क्रमांक मिळतो. पण मग ती गाडी रॅली, प्रदर्शन, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. रोज दूध आणायला नेता येत नाही. विम्यात पाच वर्षांहून जुन्या गाडीचे मूल्य कंपनी आणि मालक यांनी आपसात ठरवायचे असते, ते आधीच लेखी ठरवून घ्यावे. विजेच्या नव्या गाडीला मात्र राज्याच्या २०२५ च्या धोरणात द्रुतगती मार्गावर टोलमाफी ठेवली आहे.

घरात एकच गाडी असेल, ती बारा महिने चालवायची असेल आणि आठवड्याला मुंबई-पुणे करायचे असेल, तर नवीच घ्यावी. त्यात वाद नाही. दुसरी गाडी म्हणून, कोरडे गॅरेज आणि ओळखीचा मेकॅनिक असेल, ऑक्टोबर ते मे एवढीच चालवायची तयारी असेल, तर जुनीला तोड नाही. अशी गाडी बघायला मात्र दिवाळीच्या कोरड्या हवेत जाऊ नये. ऐन श्रावणात, गाडी रात्रभर उघड्यावर उभी असताना, सकाळी थंड इंजिन आपल्यासमोर चालू करायला लावावे, गालिचा उचलून खाली हात फिरवावा आणि मगच किमतीचे बोलावे.