पंचशील ध्वज आणि अपूर्णांकांची बेरीज

आमच्या लोणारच्या विहारात सायंवंदनेनंतर मुलांचा अभ्यास घेतला जातो. सहावीतील एका मुलीने १/६ + १/३० = २/३६ असे उत्तर लिहिले होते. अंशात अंश मिळविला, छेदात छेद. अशाच चुकांवरून बोलणी खाऊन गणित आपले नव्हे असे तिने ठरवून टाकले होते. रीत पुन्हा घोकून घेण्याऐवजी आम्ही तिला भिंतीवरील पंचशील ध्वज दाखविला.

१८८५ साली कोलंबो येथे प्रथम फडकलेल्या या ध्वजात सहा उभे पट्टे आहेत. निळा, पिवळा, तांबडा, पांढरा, केशरी, आणि सहाव्यात तेच पाच रंग एकाखाली एक. चौकटीच्या वहीत सहा उभ्या व पाच आडव्या, अशा ३० चौकटींचा ध्वज तिने रंगविला. (पांढऱ्याला रंग लागत नाही, म्हणून मुले त्या चौकटी मोजायला विसरतात. त्याही मोजाव्यात.)

आता निळा किती? पूर्ण पट्टा १/६, म्हणजे ५ चौकटी. सहाव्या पट्ट्यातील तुकडा १/३०, म्हणजे १ चौकट. एकूण ६ चौकटी, ६/३०, अर्थात १/५. पाच रंग, प्रत्येकाचा वाटा सारखा! हे पाहून ती स्वतःच हसली.

मग तिचे जुने उत्तर तपासले. २/३६ म्हणजे १/१८. पट्ट्यात चौकट मिळविली आणि भाग पट्ट्याहूनही लहान कसा झाला? छेद हे तुकड्याच्या आकाराचे नाव आहे, त्याची बेरीज होत नाही. तुकडे सारख्या आकाराचे केले की फक्त मोजायचे उरते. समच्छेद करणे म्हणतात ते एवढेच. पालकांनी घरी खडू किंवा कुंकू-हळद वापरली तरी चालेल, मात्र चौकटी सारख्या हव्यात.

पुढचे उदाहरण शेताचे दिले. एक एकरापैकी पाव भागात तूर, २/५ भागात कपाशी, तर पेरणी किती? चार गुणिले पाच, २० चौकटी काढल्या. तुरीच्या ५, कपाशीच्या ८, मिळून १३/२०. एकराचे ४० गुंठे, म्हणून एक चौकट दोन गुंठ्यांची. तिला न्यायला आलेले आजोबा पावकी-निमकी पाठ असलेल्या पिढीतले. त्यांनी दारातूनच २६ गुंठे सांगितले. तिने चौकटी दोनदा मोजल्या व २६ लिहून वही त्यांच्यापुढे धरली.