एकट्या शेतकऱ्याची अल्पखर्ची जाहिरात

माल पिकविणें ही एक विद्या आहे व तो योग्य गिऱ्हाइकाच्या हातीं पोंचविणें ही दुसरी. पहिली विद्या सोलापूर जिल्ह्यांतील शेतकऱ्यास नव्यानें शिकवावी लागत नाहीं. मंगळवेढ्याची ज्वारी व सोलापूरचें डाळिंब या दोहोंस २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, हा त्याच विद्येचा गौरव होय. परंतु शहरांतील गृहिणी ज्वारी घेते, तेव्हां ती कोणत्या रानांतली, कोणत्या वाणाची व केव्हां मळलेली, याचा तिला पत्ता नसतो. सर्व माल सारखाच दिसूं लागला म्हणजे गिऱ्हाईक केवळ भाव पाहतें. मग उत्तम व सुमार माल एकाच दरानें जातो आणि नुकसान उत्तम माल पिकविणाराचें होतें.

२०१६ सालींच महाराष्ट्र सरकारनें फळें व भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनांतून मोकळा केला, आणि आपल्याच जिल्ह्यांतील अरणचे संत सांवता माळी यांच्या नांवानें शेतकरी आठवडे बाजारांची योजना निघाली. थेट विक्रीची वाट अशी खुली झाली. परंतु त्या वाटेनें गिऱ्हाईक आपल्याकडे यावें कसें? मोठा व्यापारी जाहिरातीवर पैसा ओततो. जो स्वतःच नांगरतो, स्वतःच तोलतो व स्वतःच पोतीं शिवतो, त्यास तें परवडत नाहीं. त्याच्या आटोक्यांतील उपाय एकच: गिऱ्हाइकास उपयोगीं पडेल असें ज्ञान मालाबरोबर नेमानें देत राहणें.

हा मार्ग नवा नव्हे

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर तयार केला, तेव्हां लोखंडानें जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपावयास दोन वर्षें लागलीं असें सांगतात. नांगर वाईट नव्हता. त्याविषयींचें अज्ञान आडवें आलें होतें. पुढें १९२० सालीं त्यांचे पुतणे शंकरराव यांनीं किर्लोस्करवाडीहून ‘किर्लोस्कर खबर’ हें पत्र सुरू केलें. कारखान्याच्या मालाची माहिती देणें हा त्याचा मूळ हेतु. परंतु वाचनीय मजकुरामुळें तें घरोघर गेलें व पुढें ‘किर्लोस्कर’ मासिक म्हणून नांवाजलें. अमेरिकेंत जॉन डियर या नांगर करणाऱ्या मंडळीनें १८९५ सालींच शेतकऱ्यांसाठीं ‘द फरो’ हें मासिक काढलें; फरो म्हणजे नांगराचें तास. दोहोंचें मर्म एकच: आधीं वाचकाच्या कामाचें बोलावें, आपल्या मालाचें नांव त्याच्या ओघांत यावें. एकट्या शेतकऱ्यास मासिक काढावयाचें नाहीं. हें मर्म मात्र घ्यावयाचें आहे.

सांगावें काय?

गिऱ्हाइकाची अडचण हाच विषय. ज्वारी घेणारी शहरांतील सूनबाई म्हणते, “भाकरी थापतांना चिरते.” तिला सांगावें कीं, ज्वारींत गव्हासारखें चिकट द्रव्य नसतें; म्हणून पीठ कढत पाण्यानें भिजवून चांगलें मळावें. पीठ जुनें झालें कीं त्याची विरी जाते, यास्तव एका वेळीं थोडेंच दळावें. दाणे कडक उन्हांत वाळवून कोरड्या कणगींत किंवा डब्यांत ठेवावे. एवढें सांगणाऱ्यास ती पुढील वर्षीं विसरणार नाहीं.

डाळिंबाचें गिऱ्हाईक गोल गरगरीत व चकचकीत फळ निवडतें. त्यास समजावें कीं, पक्व फळाच्या बाजू किंचित् चपट्या होतात, आकाराच्या मानानें तें जड लागतें, आणि सालीवरील उन्हाचा लहानसा डाग म्हणजे आंतील दाणा बिघडला असें नव्हे. मृग, हस्त व आंबिया हे तीन बहार काय आहेत हें कळलें, म्हणजे आज फळ कां नाहीं व केव्हां येईल याचाही त्यास उलगडा होतो.

साधनें व वेळ

साधनें तीन पुरेत. पहिलें, पोत्यांत किंवा पेटींत घालावयाची अर्ध्या पानाची चिठ्ठी; तिजवर एकच प्रश्न, त्याचें उत्तर आणि शेवटीं आपलें नांव, गांव व दूरध्वनीचा क्रमांक. दुसरें, आठवडे बाजारांतील पालापाशीं ठेवावयाचा काळा फळा. तिसरें, भ्रमणध्वनीवरून व्हॉट्सॲपनें धाडावयाचा संदेश. मात्र तो ज्यांनीं स्वतः संमति दिली त्यांसच, व महिन्यांतून एकदांच. रोज येणारा संदेश कोणीही वाचीत नाहीं.

एकट्या मनुष्याजवळ पैशापेक्षांही वेळ कमी असतो. म्हणून एकच मजकूर तिन्ही ठिकाणीं वापरावा व विषय पिकाच्या क्रमानेंच घ्यावे: आश्विनांत पेरणी व वाण, पौषांत हुरडा, फाल्गुनांत काढणी व मळणी, चैत्रांत वर्षाच्या धान्याची साठवण. शहरांतील कुटुंबें वर्षाचें धान्य उन्हाळ्यांत भरतात. त्यापूर्वींच आपलें नांव त्यांच्या परिचयाचें झालेलें असावें.

सत्याचें पथ्य

या मार्गांत सर्व भांडवल विश्वासाचें आहे. काढणीच्या वेळीं पाऊस होऊन दाणा काळवंडला, तर तसें आधीं कळवावें व भाव उतरावा. एका हंगामाचा तोटा सोसेल. गेलेलें गिऱ्हाईक परत येत नाहीं. ज्वारीनें मधुमेह बरा होतो असलीं विधानें कटाक्षानें टाळावीं. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यान्वयें दिशाभूल करणारी जाहिरात दंडास पात्र आहे. तसेंच मानांकनाचें चिन्ह, जो अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदला गेला आहे त्यानेंच लावावयाचें असतें. ज्याची नोंद नाहीं त्यानें ती आधीं करून घ्यावी.

हिशेब

नव्या गिऱ्हाइकास “आमची माहिती कोठून मिळाली?” हें विचारून वहींत टिपावें. उदाहरणादाखल समजा, चिठ्ठ्यांस ५०० रुपये लागले व त्यांमुळें १० घरें जोडलीं गेलीं. तर दर घरामागें खर्च ५० रुपये पडला. तेंच घर पुढील वर्षीं आपण होऊन आलें, तर त्या वर्षीं तो खर्च नाहीं. ज्या साधनानें दोन हंगामांत एकही घर आलें नाहीं, तें निःशंकपणें सोडावें.

हें काम एका महिन्यांत फळ देणारें नव्हे. तें डाळिंबाच्या झाडासारखें आहे, पहिलीं वर्षें नुसती निगाच करावी लागते. आमच्या सभासद बंधुभगिनींनीं येत्या हंगामांत एवढेंच करावें: गिऱ्हाइकांनीं विचारलेले पांच प्रश्न लिहून काढावे, त्यांचीं खरीं उत्तरें सोप्या भाषेंत मांडावीं, आणि पहिलें उत्तर पहिल्या पोत्याबरोबर पाठवावें.