विचारल्याशिवाय न सापडणारं दुखणं

२०१९ साली भारतात सुमारे २१ कोटी लोकांना मायग्रेनचा, म्हणजे अर्धशिशीचा, त्रास होता असा अंदाज आहे. अख्ख्या महाराष्ट्रात राहतात त्याहून कितीतरी जास्त माणसं! आणि हे दुखणं ना रक्ताच्या तपासणीत सापडतं, ना एक्स-रेमध्ये. मग मोजलं कसं?

विचारून. बंगळूरच्या ‘निम्हान्स’ संस्थेच्या पाहणीत माणसं शहरात आणि आसपासच्या खेड्यांत घरोघर गेली. प्रत्येक घरातून १८ ते ६५ वयाची एक व्यक्ती निवडायची आणि तिच्याशी कन्नडमध्ये बोलायचं. अर्धशिशी ओळखायचे प्रश्न साधेच असतात. डोकं एकाच बाजूला दुखतं का? ठणकतं का? जिना चढताना वाढतं का? मळमळतं का? उजेड, आवाज नकोसा होतो का? औषध न घेता किती वेळ टिकतं? चार तासांपासून तीन दिवसांपर्यंत, असं उत्तर आलं की तपासणारा कान टवकारतो.

अशा २,३२९ जणांच्या उत्तरांतून निघालेला आकडा थक्क करणारा आहे: वर्षभरात २५.२ टक्के लोकांना अर्धशिशी. चौघांत एक! जगाची सरासरी सातांत एकाच्या आसपास आहे. त्यातही खेड्यांत प्रमाण शहरापेक्षा जास्त निघालं. ट्रॅफिक आणि कॉम्प्युटरला दोष देणाऱ्या आपण शहरवाल्यांनी यावर जरूर विचार करावा.

बायकांमध्ये हे प्रमाण पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट असतं. लहानपणी मुलगा-मुलगी असा फारसा फरक नसतो. पाळी सुरू झाली की दरी पडते. पाळीच्या तोंडावर इस्ट्रोजेन झपकन उतरतं आणि अनेकींचं डोकं नेमकं तेव्हाच उठतं. आपल्याकडे त्याला ‘पित्त झालं’ म्हणतात. उलटी झाली की बरं वाटतं, म्हणून संशयही येत नाही. ही बाई दवाखान्याच्या नोंदीत कुठून येणार? तिच्या दारात जाऊन विचारायलाच हवं.

नुसत्या सांगण्यावर किती भरवसा ठेवायचा, असं कुणी म्हणेल. पण एका रुग्णाची स्वतःची नोंदही किती अचूक असू शकते, ते पाहा. कार्ल लॅश्ली या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाला अर्धशिशीमुळे डोळ्यांपुढे नागमोडी, लखलखती कड दिसे. ती सरकत मोठी होताना त्यानं वेळ लावून तिची चित्रं काढली आणि १९४१ मध्ये हिशेब मांडला: मेंदूच्या दृष्टीच्या भागावरून काहीतरी मिनिटाला सुमारे ३ मिलिमीटर वेगानं पसरत असावं. हाताशी कागद, पेन्सिल आणि घड्याळ, बस्स. १९४४ मध्ये ब्राझीलच्या आरिस्टिडेस लिआंव यांना, अपस्माराचा अभ्यास करताना, सशांच्या मेंदूवरून सरकणारी एक संथ लाट सापडली. पुढे संशोधकांनी दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्या, तेव्हा वेग जुळला.