ठाणे आणि कर्जतच्या मधली स्टेशनं

मध्य रेल्वेवर ठाणं सीएसएमटीपासून साधारण ३४ किलोमीटरवर आहे, बदलापूर ६८ वर आणि कर्जत १०० वर. बदलापूरच्या माणसाला ठाणं नि कर्जत सारखंच लांब. ठाण्याला १९०१ साली सुरू झालेलं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे आणि कर्जतला रस्त्यावर भरकटलेल्या मनोरुग्णांना बरं करून घरी पोचवणारं ‘श्रद्धा’चं केंद्र. मधे उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर. २०११च्या जनगणनेत या तीन शहरांची लोकसंख्या मिळून सव्वानऊ लाखांहून अधिक भरली. इस्पितळातले दिवस संपले की आजाराची खरी लांबण सुरू होते आणि ती सोसली जाते अशा शहरांतल्या घरांत. म्हणून गेल्या तीन-चार दशकांकडे मागे वळून बघायचं, तर इस्पितळांपेक्षा या घरांच्या बाजूने बघायला हवं.

उल्हासनगरचा जन्मच एका मोठ्या आघातातून झाला. दुसऱ्या महायुद्धातल्या कल्याणच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे लाखभर निर्वासितांची सोय लावली गेली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते वसाहतीला नवं नाव मिळालं. बराकी, रेशन, धंद्यासाठी कर्ज यांचा हिशेब ठेवणारी खाती होती. ज्याचं मन मागेच राहिलं होतं, त्याच्यासाठी कुठलंच खातं नव्हतं. तेव्हाचा कायदा १९१२चा, ‘वेड्यांचा’ कायदा. त्यात वेड्यांचं इस्पितळ होतं, बाकी काही नाही. मुंबई परिसरात ‘याला ठाण्याला पाठवा’ हे वाक्य शिवीसारखं रुळलं ते अशाच काळात, आणि त्याने केलेलं नुकसान अजून भरून आलेलं नाही. शेजारी काय म्हणतील या भीतीने पहिला झटका कित्येक घरांनी देवऋषी आणि अंगाऱ्या-धुपाऱ्यात घालवला.

सरकारी पावलं सावकाश पडली. १९८२ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला आणि १९९६ पासून जिल्हा पातळीवरचा. कागदावर विचार चांगला होता: उपचार मोठ्या इस्पितळातून बाहेर काढून लोकांच्या जवळ न्यायचे. पण जवळ म्हणजे कुठे, हे ठरेपर्यंत दशकं गेली.

या पट्ट्याच्या दृष्टीने महत्त्वाचं वर्ष १९९०. डॉ. आनंद नाडकर्णी आणि सहकाऱ्यांनी ठाण्यात ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’, म्हणजे सगळ्यांच्या तोंडची ‘आयपीएच’, सुरू केली. तिथे डॉक्टर आणि समुपदेशक होतेच, पण सोबत प्रशिक्षित स्वयंसेवक, पालकांसाठी कार्यशाळा आणि स्वमदत गटही होते. मनाचं आरोग्य हा सभागृहात, तिकीट काढून आलेल्या लोकांसमोर, मराठीत बोलायचा विषय होऊ शकतो, हे या संस्थेने दाखवलं. विद्यार्थ्यांसाठीचा ‘वेध’ हा तिचा उपक्रम पुढे ठाण्याबाहेरच्या गावांतही गेला. मानसिक आजाराची ओळख आजार होण्याआधीच, निरोगी वातावरणात झाली तर पुढे दवाखान्याची पायरी चढणं सोपं जातं. हे काम वरकरणी दिसत नाही, पण त्याचं मोल फार मोठं आहे.

कुटुंबांच्या हाती ज्ञान देण्याची दुसरी मोठी खटपट पुण्यातली. कॅनडात कॅलगरी विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवणारे डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. परदेशात नातेवाइकांचे गट कसे चालतात हे त्यांनी पाहिलं होतं. १९९७ साली पुण्यात त्यांच्या पुढाकाराने ‘स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन’ उभी राहिली. रुग्णाला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणणाऱ्या अशा गटांत बोललं काय जातं? गोळ्या का थांबवायच्या नाहीत, झोप बिघडली की कशी नोंद ठेवायची, भास होताहेत म्हणणाऱ्या मुलाशी वाद घालायचा की नाही, लग्नाच्या वेळी आजार लपवायचा का. डॉक्टरांच्या दहा मिनिटांत यातलं एकही नीट विचारता येत नाही. २००४ साली सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ आला, त्यामागे याच संस्थेचा पुढाकार होता. अतुल कुलकर्णींनी रंगवलेला शेष आणि त्याला सांभाळताना दमणारी बहीण पाहून कित्येक घरांनी आपल्या आजाराला पहिल्यांदा नाव दिलं असेल. व्यसनाच्या बाबतीत असंच काम १९८६ पासून ‘मुक्तांगण’ करत आलं आहे. डॉ. अनिता आणि अनिल अवचटांच्या या केंद्राने व्यसनी माणसाच्या बायकोलाही उपचाराचा भाग मानलं आणि तिच्यासाठी ‘सहचरी’ गट चालवला. घरातल्या माणसाला शिकवल्याशिवाय सुधारणा टिकत नाही, हे ज्या काही जणांना लवकर उमगलं त्यांत अवचट दांपत्य होतं.

आता रुळाच्या दुसऱ्या टोकाकडे. १९८८ च्या सुमारास डॉ. भरत वाटवाणी आणि डॉ. स्मिता वाटवाणी या मानसोपचारतज्ज्ञ जोडप्याने एका तरुणाला नारळाच्या करवंटीने गटारातलं पाणी पिताना पाहिलं. त्याला उचलून आपल्या बोरिवलीच्या दवाखान्यात नेलं. बरा झाल्यावर कळलं, तो पदवीधर होता आणि आंध्र प्रदेशात त्याचं कुटुंब होतं. त्यातून ‘श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशन’ जन्मलं आणि २००६ साली कर्जतला मोठं केंद्र उभं राहिलं. २०१८ साली डॉ. वाटवाणींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तोवर हजारो माणसं आपापल्या गावी परतली होती. या कामातला घरी पोचवण्याचा टप्पा विशेष मोलाचा आहे. संस्थेची माणसं रुग्णासोबत थेट गावापर्यंत जातात, घरच्यांना आजार आणि औषध समजावून सांगतात. कधीकाळी मेला म्हणून सोडून दिलेला मुलगा दारात उभा राहिला की अख्खं गाव जमतं, आणि त्या गर्दीलाच मानसिक आजाराचा पहिला धडा मिळतो.

शेजारपाजारच्या माणसांना तयार करून हे काम होतं का, याची कसून तपासणीही मराठी मुलखाच्या आसपासच झाली. गोव्यात ‘संगाथ’ आणि डॉ. विक्रम पटेल यांनी नैराश्य आणि चिंतेच्या रुग्णांसाठी साध्या, प्रशिक्षित समुपदेशकांचा प्रयोग केला. ‘लॅन्सेट’मध्ये २०१० साली आलेल्या निष्कर्षांनुसार अशी मदत असलेल्या सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी ६५.९ टक्के रुग्ण बरे झाले होते, नेहमीच्या पद्धतीच्या केंद्रांत ४२.५ टक्के. स्किझोफ्रेनियासाठी सातारा, गोवा आणि तमिळनाडूत घरोघरी जाणाऱ्या कार्यकर्त्यांचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात फरक माफक दिसला. तो माफक होता हे लक्षात ठेवलेलं बरं, कारण या आजारात चमत्काराचं आश्वासन कुटुंबाला सगळ्यांत आधी मोडतं.

२०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. समाजात राहण्याचा हक्क, पुढे आजार बळावला तर उपचार कसे व्हावेत हे आधीच लिहून ठेवण्याची सोय आणि रुग्णालयातून सोडताना पुढचं नियोजन करण्याची जबाबदारी, हे सगळं त्यात आहे. तो सोप्या मराठीत घरोघर पोचायला हवा होता, तसा पोचलेला नाही.

मग आली २०२०ची टाळेबंदी. २३ मार्चपासून लोकल सामान्य प्रवाशांना बंद झाली ती फेब्रुवारी २०२१ पर्यंत, आणि एप्रिलमध्ये पुन्हा. ठाण्याच्या बाह्यरुग्ण विभागावर अवलंबून असलेल्या बदलापूर-अंबरनाथच्या घराला याचा अर्थ वेगळा सांगायला नको. खंड पडलेली गोळी म्हणजे अनेकदा परतलेला आजार. दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वं २५ मार्च २०२० रोजी आली आणि फोनवरून सल्ला घेण्याला अधिकृत चौकट मिळाली. पुढे १० ऑक्टोबर २०२२ रोजी ‘टेली-मानस’ सुरू झालं. १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येतं. तो प्रत्येक शाळेच्या, रेशन दुकानाच्या, रिक्षा स्टँडच्या भिंतीवर ठळक अक्षरांत हवा.

फोनने पहिली मदत मिळते, पण सावरण्यासाठी माणसांचा गट आणि काम लागतं. गटाला जागा फार लागत नाही. रविवारी रिकामी असणारी पालिकेची एखादी शाळा आणि सुरुवातीला मार्गदर्शन करणारा एक प्रशिक्षित समुपदेशक पुरतो. तीन शहरांच्या तीन स्थानिक स्वराज्य संस्थांनी एवढं केलं, तरी पालकांचा ठाण्याचा हेलपाटा वाचेल. कामाचा प्रश्न अधिक अवघड आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातलं आरक्षण सरकारी नोकऱ्यांपुरतं आहे, आणि उल्हासनगरचा संसार चालतो तो जीन्सच्या शिलाईवर, फर्निचरवर, घराला लागून असलेल्या लहान कारखान्यांवर. औषधाने सकाळी डोळे जड राहणाऱ्या कामगाराला नऊऐवजी अकराला येऊ देणं, सुरुवातीला अर्धा दिवस काम देणं, हा निर्णय तिथे एकटा मालक घेऊ शकतो. त्याला कुणी समजावून सांगितलं, तर. उल्हासनगरच्या ‘कॅम्प’ म्हणवणाऱ्या भागांतल्या व्यापारी मंडळांच्या सभांमध्ये एक तास या विषयासाठी मागून घेणं, ही इथल्या मानसोपचारतज्ज्ञांनी आणि शुभंकरांनी मिळून आता हाती घ्यायची गोष्ट आहे.