दूध सोडले, मग खायचे काय?

मी दूध, दही, तूप सोडले, तेव्हा अकोल्याला आईने एवढेच विचारले, "मंग खाशीन काय रे?" मी हसलो. पुढे अमरावतीच्या वसतिगृहात पायांना मुंग्या येऊ लागल्या, तेव्हा तो प्रश्न आठवला. रक्त तपासले, ब-१२ जीवनसत्त्व फार कमी निघाले.

मित्रहो, दोष आपल्या वऱ्हाडी ताटाचा नव्हे. ज्वारीच्या भाकरीत लायसिन कमी, ते तुरीचे वरण भरून काढते. तीळ कॅल्शियम देतात, जवसाची चटणी ओमेगा-३. पालेभाजीवर लिंबू पिळल्यास लोह अधिक शोषले जाते. जेवणावर लगेच चहा घेतल्यास कमी. ब-१२ मात्र केवळ सूक्ष्मजंतूच तयार करतात. यकृतातील साठा काही वर्षे पुरतो, म्हणून उणीव उशिरा कळते.

दुसरीही एक फसगत आहे. डॉ. ल्यूसी विल्स यांनी मुंबईतील गर्भवती स्त्रियांचा पांडुरोग यीस्टच्या अर्काने बरा केला व १९३१ साली ते प्रसिद्ध केले. त्यातील गुणकारी घटक म्हणजे फॉलिक आम्ल. पालेभाज्यांत ते भरपूर असते. त्यामुळे ब-१२ नसतानाही रक्त ठीक दिसू शकते. मज्जातंतूंची हानी मात्र चालूच राहते.

प्रौढाची गरज रोज अवघी २ ते २.५ मायक्रोग्रॅम. गोळी घेताना लेबलावर ब-१२चे नाव व प्रमाण पाहावे, डॉक्टरांना विचारावे. स्पिरुलिनावर विसंबू नये.

आईला आता सांगतो, "तेच खातो जे तू वाढतेस, फक्त एक गोळी जास्त."