उघड्यावरच्या धंद्याला उन्हावरचा पहारा

अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर किंवा ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर जायचे म्हटले, की हिंगोली जिल्ह्यातली आपली कितीतरी कुटुंबे बायका-मुलांसह दोन-तीन दिवसांसाठी घर सोडतात. मग रस्त्याकडेची टपरी, पंक्चरचे दुकान, वीटभट्टी, वेल्डिंगचे शेड यांच्याकडे बघायचे कोणी? शिजवलेली हळद तर दहा-पंधरा दिवस उघड्यावरच वाळत पडलेली असते. कर्ज काढून उभा केलेला धंदा एका रात्रीत बसू शकतो.

अशा ठिकाणी विजेची तार नसते आणि असली तरी भरवसा नसतो. म्हणून उन्हावर चालणाऱ्या बिनतारी कॅमेऱ्याची चौकशी आमचे वाचक करतात. तो घ्यावा, पण डोळसपणे घ्यावा.

पहिली गोष्ट म्हणजे यातले बहुतेक कॅमेरे सतत चित्रण करीत नाहीत. बॅटरी वाचावी म्हणून ते झोपलेले असतात. अंगाची ऊब टिपणारा सेन्सर त्यांना जागे करतो. त्याची नजर साधारण आठ-दहा मीटरच पोचते. समोरून सरळ चालत येणाऱ्यापेक्षा आडवा जाणारा माणूस त्याला लवकर कळतो. मे महिन्याच्या दुपारी जमीनच अंगाइतकी तापते, तेव्हा तो चुकतोही. त्यामुळे कॅमेरा वाटेला आडवा धरून लावावा.

वायफाय नसलेल्या माळावर सिमकार्डाचाच कॅमेरा हवा. आधी त्याच जागी, त्याच कंपनीचे सिम मोबाइलमध्ये घालून रेंज पाहावी. विक्रेता काहीही सांगो! मेमरी कार्डाची सोय नसलेला कॅमेरा आम्ही तरी घेणार नाही, कारण रेंज गेली की सारेच गेले.

सौरपट्टी कॅमेऱ्यालाच चिकटलेली नको, वेगळ्या वायरची हवी. पट्टी दक्षिणेकडे तोंड करून, आपल्या भागात सुमारे २० अंशांच्या उतारावर उन्हात ठेवता येते आणि कॅमेरा पत्र्याखाली सावलीत राहतो. लिथियम बॅटरीचे आयुष्य उष्णतेने घटते. श्रावणात ऊन नसताना बॅटरी किती दिवस टिकेल, हे विचारूनच पैसे मोजावेत.

९ एप्रिल २०२५ पासून देशात विकल्या जाणाऱ्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सरकारी सुरक्षा चाचणी बंधनकारक आहे. बेनावाचा स्वस्त माल टाळावा, बिल घ्यावे आणि कारखान्याने दिलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. नाहीतर आपल्या दुकानावर परकाच नजर ठेवायचा.

आता आमच्या दृष्टीने महत्त्वाचे. गावात चोरी झाली की पहिले बोट आपल्या वस्तीकडे, नाहीतर पारध्यांच्या पालांकडे वळते. हा अनुभव जुना आहे. तारीख-वेळेसह असलेले चित्रण चोराला धरून देते, तसेच निरपराध पोरालाही सोडवते. मात्र कार्ड भरले की जुने चित्रण पुसून नवे चढते. घटना घडताच कार्ड काढून जपून ठेवावे, प्रत करावी आणि तक्रारीत चित्रणाचा उल्लेख करावा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते. ते वकिलाकडून समजून घ्यावे.

आणि कॅमेऱ्याचे तोंड शेजारच्या न्हाणीकडे, हापशावर पाणी भरणाऱ्या बायकांकडे नको. स्त्रीच्या खाजगी क्षणांचे चित्रण हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. घरातल्या बायांनाही मोबाइलवर चित्र पाहायला शिकवावे. टपरीवर अर्धा दिवस त्याच बसतात.

बसवल्यावर रात्री एकदा स्वतः चोरपावलांनी चालून पाहावे. चेहरा ओळखू येतो का? नाही आला तर कॅमेरा थोडा खाली घ्यावा, मात्र हाताला लागेल इतका नको. वीटभट्टीजवळ पट्टीवर राख फार बसते. तिथे दर आठवड्याला ओले फडके फिरवावे.